छावणीतला पोळा आणि घरच्यांना आवतण

मस्कतमधल्या आमच्या घरमालकीणबाई दर ईदला खजूर घेऊन येतात आणि मायेनं विचारतात, "मग, परत कधी जाणार तुम्ही?" बीडकडच्या आमच्या गावी, तलवाड्याला, जीपमधून उतरले की भेटणारं पहिलं माणूस तितक्याच मायेनं विचारतं, "परत कवा जायचं?" माझा जन्म मस्कतचा, पासपोर्ट भारताचा, आणि दोन्हीकडच्या लोकांना माझ्या निघण्याचीच काळजी. आता सवय झाली आहे, पण खरं सांगायचं तर दर वेळी लागतं.

यंदा तो प्रश्न घरातच येऊन बसला. पप्पांची नोकरी संपतेय, नोकरीबरोबर त्यांचा आणि आईचा व्हिसाही. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझं तूर्त चालू राहील. आई मोबाइलवर पुण्यातले फ्लॅट बघते आणि पप्पा शेजारी बसून बघितल्यासारखं करतात. त्यांचा जीव तलवाड्यात आहे, हे आम्हा दोघींना माहीत आहे. मग तिकडेच जाऊन राहा की, असं म्हटलं की एकच उत्तर येतं, "आबा एकदाही ये म्हणाला नाही." आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. हे वाक्य दहा वर्षं ऐकून ऐकून माझे कान किटले. सुट्टीचे शेवटचे दिवस उरले होते, पोळा तोंडावर होता. मी म्हटलं, मीच जाऊन बघून येते.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी वाट सांगते. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सकाळी बीड. तिथून एसटीनं गेवराई आणि पुढे तलवाड्याला जीप. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरली म्हणजे काय, हे ड्रायव्हर ठरवतो. टोपी आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा. गावात लॉज नाही, मुक्काम बीडला किंवा गेवराईला करा. गावाजवळच्या टेकडीवरच्या देवीच्या दर्शनाला सकाळी लवकर जा. रस्ता चांगला आहे, पण पावसाळ्याच्या दिवसांत दोन्ही बाजूंना हिरवं काही नाही, हे बघायची तयारी ठेवा. शेतं नांगरून तशीच पडली होती. कुठंकुठं कापूस उगवला होता तोही वीतभर.

जीपमध्ये शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कोन्या गावच्या तुमी?"

"तलवाड्याच्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या बुटांकडं बघितलं. "वाटत न्हाई," म्हणाले आणि शांतपणे तंबाखू मळू लागले.

आमच्या घराला कुलूप होतं. पाऊस नाही, चारा नाही, म्हणून गावच्या दूध संस्थेनं माळावर जनावरांची छावणी उघडली होती. तिथं उसाचं वाढं म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला मिळतो, पेंड मिळते, टँकरचं पाणी मिळतं. जनावरं तिथं, म्हणून माणसंही तिथंच. जुन्या साड्या आणि ताडपत्रीची पालं ठोकून निम्मा गाव राहत होता. आबा आणि मोठी आई, म्हणजे माझी थोरली चुलती, दोघं पाखऱ्या आणि हौशा या बैलजोडीबरोबर तिथंच मुक्कामाला होते.

मी पोचले आणि आधी खुर्ची आली. संस्थेच्या चेअरमनसाहेबांच्या टेबलामागची लाल प्लॅस्टिकची खुर्ची, जणू मी उद्घाटनाला आलेय. मग कुणीतरी फाट्यावरून सीलबंद पाण्याची बाटली आणली. सगळे टँकरचं पाणी पीत होते आणि मी बाटलीतलं. मी मोठ्या आईला म्हटलं, अगं, मी टँकरवरच वाढलेय. मस्कतला आमच्या गल्लीत समुद्राचं पाणी गोडं करून टँकरनंच येतं आणि गच्चीवरच्या टाकीत भरतात. तिला ते पटलं नाही. "समुद्राचं कुठं गोडं व्हतं?" म्हणाली आणि बाटली माझ्या हातात दिली.

दोन दिवस असेच गेले. मी वाढं उचलायला गेले की "राहू द्या ताई." शेणाला हात लावला की "कपडे भरतील." शेजारच्या पालातल्या गयाबाई मेंढरंवाल्या. त्यांची मेंढरं घेऊन नवरा गोदाकाठाला गेला होता आणि त्या दोन गाई घेऊन इथं थांबल्या होत्या. त्याही मला अहो-जाहो करायच्या. भाकरी, ठेचा, पिठलं सगळं आधी माझ्या ताटात. एवढं प्रेम आणि तरी मला रडू यायचं. मला फक्त एवढंच हवं होतं, की कुणीतरी मला कामाला लावावं.

एक गोष्ट मात्र मी हट्टानं केली. छावणीत अंघोळ बाजेवर बसून करतात. बाजेखाली घमेलं ठेवायचं, साबण लावायचा नाही, आणि घमेल्यात साचलेल्या पाण्यानं बैलांचं अंग पुसायचं. मोठ्या आईनं माझ्यासाठी वेगळी भरलेली बादली आणि साबणाची वडी ठेवली होती. मी साबण पिशवीत टाकला, बाजेवर बसले आणि घमेलं भरून तिच्यापुढं नेऊन ठेवलं. त्या दिवशी माझ्या चहात साखर जरा जास्त होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेले बैलांचे खांदे हळद आणि तुपानं चोळायचे. यंदा आमची पेरणीच झाली नव्हती, त्यामुळं जूही ठेवलं नव्हतं. तरी मोठ्या आईनं डब्याच्या तळाचं तूप खरवडून काढलं. आबा एका बैलाचा खांदा चोळत होते, ती दुसऱ्याचा. चोळून झाल्यावर तिनं पदर सारखा केला, हात जोडले आणि पाखऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग हौशाच्या कानाशी तेच. आवतण म्हणजे जेवायचं बोलावणं. आसपासच्या सगळ्या पालांतून तेच ऐकू येत होतं. बायका-माणसं आपापल्या दावणीच्या बैलांना रीतसर बोलावणं करत होती.

मी विचारलं, "मोठी आई, हे घरचेच ना? मग आवतण कशाला?"

"कशाला म्हंजी? वरीसभर आपुन त्यायला हाकतो, चाबूक दावतो. येक दिस हात जोडून बोलवलं तर आपलं काय जातं?"

"पण यंदा त्यांनी काम कुठं केलंय?"

"काम केलं तरच जेवाया घालायचं का गं?"

मी आबांकडं वळले. दोन दिवसांचा राग होता आणि दहा वर्षांचं ते एक वाक्य होतं. म्हटलं, "आबा, बैलांना आवतण देता. मग पप्पांना कावून न्हाई?"

माझ्या तोंडी "का"ऐवजी गावाकडचं "कावून" ऐकून गयाबाई हसल्या. आबा हसले नाहीत. "त्येला काय बोलवायचं? त्येचंच घर हाय. घरच्याला कुनी ये म्हनत असतं का?"

"ते तिकडं वाट बघतायत, तुम्ही कधी ये म्हणताय म्हणून."

आबांचा हात बैलाच्या खांद्यावरच थांबला. हौशानं मान हलवली तसा हात परत फिरू लागला. मोठी आई त्यांच्याकडं बघत राहिली.

पोळ्याला संस्थेनं जोडीमागं एक बादली पाणी जास्तीचं दिलं. कुणाच्या बैलाच्या शिंगांना निळा रंग, कुणाच्या गुलाबी. बाशिंग बांधून आमची जोडी छावणीभर मिरवली. पुरणपोळी, गुळवणी आणि येसराची, म्हणजे भाजक्या डाळी-मसाल्याच्या पुडीची, झणझणीत आमटी झाली. हरभऱ्याची डाळ सगळ्या पालांनी मिळून संस्थेतून आणली होती. आधी बैल जेवले, मग आम्ही. येसराची आमटी खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळ्यांना फार समाधान वाटलं. फोटो काढायचे असतील तर विचारून काढा. बहुतेक जण हो म्हणतात, पण आधी केस विंचरायला वेळ मागतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या आईनं मला पायानंच हलवलं. "ऊठ की. ऊन यायच्या आत शेण भर. पाटी तिकडं हाय." ना ताई, ना अहो. मी शेण भरलं, हात धुवायला पाणी मागितलं, तर म्हणाली, "माती लाव आन् पूस." मी इतकी खूश झाले की पाटी उचलताना निम्मं शेण अंगावर सांडलं. त्यावर शिव्याही खाल्ल्या.

आबा मला जीपपर्यंत सोडायला आले. मला वाटत होतं, आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "पुढं बसीव हिला." बस, तेवढंच. गेवराई येईपर्यंत मी त्यांच्यावर चिडलेली होते आणि त्यांची कीवही येत होती.

मस्कतला परतून आठवडा झाला असेल. संध्याकाळी पप्पा गच्चीवर टँकरचा पाइप टाकीत धरून उभे होते, मी खाली मोटारीचं बटण सांभाळत होते. त्यांचा फोन वाजला. आबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून पप्पांनी घाबरून स्पीकरच लावला. मी जिना चढून वर गेले.

"काय झालं आबा? बरं हाय ना समदं?"

"बरं हाय." मागं गाय हंबरली. "धाकल्या, आज आवतण घे. जेवाया कवा येतूस, ते तूच सांग."

पप्पांच्या हातातला पाइप टाकीबाहेर आला आणि पाणी गच्चीभर वाहू लागलं. मी तो पकडून परत आत घातला. माझ्या पप्पांना मी पहिल्यांदा असं रडताना बघितलं, तोंड उघडं ठेवून, लहान पोरासारखं.

"पाऊस हाय का तिकडं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"न्हाई."

"येतो मी."

आईचे पुण्यातले फ्लॅट अजून मोबाइलवर आहेत, त्यावरून भांडण व्हायचंच आहे. मी मस्कतलाच राहणार की नाही, तेही ठरलेलं नाही. घरमालकीणबाई उद्या परत तोच प्रश्न विचारतील. पण त्या संध्याकाळी फोन ठेवण्याआधी आबा आणखी एक बोलले होते, आणि या प्रवासातलं ते माझ्याजवळ राहिलं आहे.

मी हळूच विचारलं होतं, "आबा, आन् मला?"

"तुला कसलं आवतण?" आबा म्हणाले. "शेण काढाया मानूस कमी हाय. ये."