वेबसाइटची वाटणी

माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही केली, तेव्हा वाटलं होतं, सुटले. शेत दोन भावांत गेलं, हळद शिजवायची कढई थोरल्याकडं आणि ट्रॅक्टर धाकट्याकडं. मग एका दुपारी दोघंही कुरुंद्याहून हिंगोलीला माझ्या घरी आले आणि म्हणाले, वेबसाइटची वाटणी राहिली.

वेबसाइट मीच केली होती. घरी बसून लोकांच्या वेबसाइट करून देणं हेच माझं काम. वडील होते तेव्हा आमच्या हळदीसाठीही एक केली, पत्ता वडिलांच्या नावाचा. तिच्यावर मायचा फोटो होता, पदर खोचून अंगणात शिजलेली हळद पसरताना. गिऱ्हाइकं फोन करून त्या फोटोचं कौतुक करायची.

"एका पत्त्यावर दोन चुली कशा चालतील?" थोरला म्हणाला.

मी सांगितलं, सबडोमेन करता येतं. मूळ पत्ता तोच राहतो, त्याच्या आधी तुमचं नाव आणि एक टिंब लागतं, आतली जागा मात्र ज्याची त्याला. आधी पोराचं नाव, मग बापाचं, आपण कुठंही लिहितो तसंच.

"हे बराबर हाय," थोरला म्हणाला. धाकट्यानंही मान हलवली. त्या दिवसातलं ते पहिलं आणि शेवटचं एकमत.

वाटणी गावच्या रीतीनं झाली. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. फोटोंचे दोन वाटे, मजकुराचे दोन वाटे, आणि मी तलाठ्यासारखी मधे बसलेली. मायच्या फोटोवर गाडी अडली. मी म्हटलं, अरे, याची नक्कल निघते, दोघांनाही देते. तेवढं एक सोपं निघालं.

मूळ पत्ता उरला. त्याच्या पानावर कोणाचं नाव वर घ्यायचं यावरून जुंपली. शेवटी ठरलं, राहू दे समाईक, विहिरीवानी. समाईक विहिरीचा गाळ कोण काढतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. पान कोरंच राहिलं. मी बजावलं, या मूळ पत्त्याची मुदत दरवर्षी पैसे भरून कोणी वाढवली नाही, तर तुमचे दोन्ही पत्ते बंद पडतील.

"तुज्याकडंच हाय की अक्का, तूच बघ," धाकटा म्हणाला.

मग फोन सुरू झाले. त्याचं पान आधी उघडतं, माझं काहून न्हाई? त्याचा फोटो मोठा काहून दिसून राहिला? परक्यांची दहा कामं परवडली, पण रक्ताच्या माणसाचं एक नको. फोन वाजला की मला थकवाच यायचा.

मायला सांभाळायच्या पाळ्याही त्यांनी अशाच लावून घेतल्या होत्या. चैत्र थोरल्याचा, वैशाख धाकट्याचा, जेठ परत थोरल्याचा. वर्षाचे बारा महिने चोख वाटले, फक्त अधिक महिना कोणाच्या ध्यानात आला नाही. आणि यंदा जेठ दोनदा आला.

"जेठ माझा, पण खरा जेठ," थोरला फोनवर म्हणाला. "अधिक वाटणीत नव्हता."

धाकट्याला फोन केला. "जेठ त्याचा ना? मंग दोनी त्याचेच."

"अरे, माय हाय ती," मी म्हटलं.

"मी कुठं न्हाई म्हणून राहिलो?" तो म्हणाला. थोरल्याचंही उत्तर हेच होतं.

अधिक महिना लागला त्या दिवशी माय एकटीच जीपनं आली. हातात कपड्यांची पिशवी, वर जावयासाठी बत्तासे. धोंड्याच्या महिन्यात लेकी-जावयाला माहेरी बोलावून जेवू घालतात. माझं माहेर माझ्याच दारात येऊन उभं राहिलं. "जावयाला धोंडे करून घालावं म्हनलं," ती म्हणाली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला खोटं बोलावं लागलं असतं.

एकदा मी काम करत असताना ती शेजारी येऊन बसली. मी भावांची दोन्ही पानं उघडून दाखवली. दोन्हीकडं तीच, पदर खोचून हळद पसरताना.

"दोघाच्या बी हितं मी हाय व्हय?"

"व्हय."

ती पडद्याजवळ वाकली. "बरी दिसून राहिले," म्हणाली.

मला रडू आलं, आणि रागही. त्याच आठवड्यात मूळ पत्त्याची मुदत संपत आल्याचा निरोप आला. मी मुकाट्यानं वाढवून टाकली.

खरा जेठ लागला त्या सकाळी मायनं पिशवी भरून दाराजवळ ठेवली. दुपारी थोरल्याचा फोन आला. त्याच्या पानावर हळदीचा नवा भाव टाकायचा होता. मी विचारलं, "मायला न्यायला कधी येतो?"

"येतो की. एवढी हळद विकून होऊ दे."

जेठ सरला. आषाढ धाकट्याचा होता, तोही सरत आला. कपाटातला एक कप्पा मी मायसाठी रिकामा करून दिला आहे. ती रोज पिशवीतून लुगडं काढते, नेसलेलं धुऊन वाळवते, नीट घडी घालते आणि परत पिशवीतच ठेवते.