एकदाच दाबलेलं बटन

वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामासाठी मी सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा मला माझ्या कोडचा भारी गर्व होता. त्यात ट्रक ही एक वस्तू, म्हणजे प्रोग्रामरांच्या भाषेत 'ऑब्जेक्ट', त्यातलं प्रत्येक पार्सल एक वस्तू, ते पाठवणारा आणखी एक वस्तू. सगळं कसं आखीवरेखीव. लॅपटॉपवर दहा पार्सलांचा ट्रक घेऊन तपासलं होतं. बटन दाबलं की ट्रक बाहेर सोडायचा गेटपास हजर.

गोदामातल्या खऱ्या ट्रकमध्ये सहाशे-सातशे पार्सलं असत. गेटपास काढायला पन्नाशी उलटलेले एक काका बसायचे. त्यांच्या स्क्रीनवर चक्र फिरत राहायचं आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवून जीव खायचे.

"मॅडम, हे नुसतं फिरूनच राहिलं. काहून असं होते?" काकांनी विचारलं.

मी कोड उघडूनसुद्धा पाहिला नाही. "काका, तुम्ही चार-चारदा बटन दाबता, म्हणून अडकतं," असं ठोकून दिलं.

काकांनी ते मनावर घेतलं. पुढच्या वेळी गेले तर एकदा बटन दाबून ते उजवा हात मांडीखाली घालून बसले होते, चुकून पुन्हा दाबलं जाऊ नये म्हणून. मला हसू आलं. ते हसू आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

एका गेटपासला कुणाला किती वेळ लागतो, याचा रिपोर्टही गोदामाच्या मालकाला, सेठला, मीच बनवून दिला होता. काकांच्या नावापुढे नुसती मिनिटंच मिनिटं. "सॉफ्टवेअर स्लो आहे, का माणूस?" सेठनं विचारलं. "काही लोकांना सवय व्हायला वेळ लागतो," मी म्हणाले आणि नामानिराळी झाले. त्याच आठवड्यात काकांना घरी बसवलं.

त्यांच्या जागी आलेली मुलगी चांगली चटपटीत होती. चक्र तिच्यासमोरही तसंच फिरलं. तेव्हा कुठे मी प्रोग्रामच्या नोंदी काढून पाहिल्या. एका गेटपाससाठी माझा प्रोग्राम डेटाबेसकडे हजाराहून जास्त वेळा जात होता: दर पार्सलमागे एकदा पाठवणाऱ्यासाठी, एकदा घेणाऱ्यासाठी. मिठासाठी वेगळी, साखरेसाठी वेगळी अशा किराणा दुकानाच्या फेऱ्या चालल्या होत्या. सगळी माहिती एकदम मागवायला दोन ओळी बदलाव्या लागल्या. गेटपास लगेच निघायला लागला. 'सिस्टीमची गती वाढवली आहे,' असं मी सेठला कळवलं. त्यानं तोंडभरून कौतुक केलं आणि मी ते घेतलंही.

पण घास गोड लागेना. एका दुपारी काकांची खोली शोधत गेले. काकूंनी पाणी दिलं. मी सगळं सांगून टाकलं.

काकांनी विचारलं, "म्हणजे मी हळू नव्हतो?"

"नाही काका. चूक माझी होती."

"ऐकलं का वं?" ते काकूंकडे वळले. त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "मले वाटे, हातच गेले माये कामातून."

मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे सेठले सांगतलं?"

मी मान खाली घातली.

"मग मले काहून सांगून राहिल्या, मॅडम?"

सेठला मी अजूनही सांगितलेलं नाही.