पळसवाडीची घटना

भुजंगराव सरांना एकमत खपायचं नाही. ग्रामसभेत एखाद्या विषयावर सगळे "मंजूर, मंजूर" म्हणाले की सर सावकाश उठत, चष्मा पुसत आणि विचारत, "विरोधात कोण हाय?" कोणीच नसलं तर म्हणत, "मंग मी हाय." आणि बोलायला लागत. विषय दिवाबत्तीचा असो की नाली उपसण्याचा, सर विरोधात. मनसोक्त बोलून झालं की मतदानाला मात्र बाजूनेच हात वर करीत. मी सरपंच. माणसं माझ्याकडे बघत आणि मी घड्याळाकडे.

हा माणूस माझ्या नशिबात दोनदा आला. मी कुरुंद्याची. तिथल्या शाळेत त्यांनी आम्हाला नागरिकशास्त्र शिकवलं. संविधान सभेच्या धड्यात ते असे रमत की पुढचे धडे आम्हाला परीक्षेच्या तोंडावर आपले आपणच वाचावे लागत. पुढे लग्न होऊन पळसवाडीला आले, तर पहिल्याच सकाळी समोरच्या ओट्यावर दात घासत सर उभे! ते मूळचे याच वाडीचे, निवृत्त होऊन परत आलेले. "कोण, सुनंदा? मूलभूत हक्क सांग बरं," असं त्यांनी नव्या नवरीला विचारलं. मी डोक्यावरचा पदर सावरत घडाघडा सांगून टाकले. सासूबाई बघतच राहिल्या.

पळसवाडी तेव्हा ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावाच्या पंचायतीत होती. आमच्या वाट्याला तिथलं उरलंसुरलं यायचं. अर्ज झाले, कळमनुरीच्या आणि हिंगोलीच्या खेपा झाल्या, आणि अखेर वाडीला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाली. आधी प्रशासक आला, मग निवडणूक लागली, सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं आणि मी निवडून आले. अंगावरचा गुलालही झटकला नव्हता तोवर सर दारात. मला वाटलं, आशीर्वाद द्यायला आले.

"पोरी, राज्य तं भेटलं. पण चालवणार कशावर?" ते म्हणाले. "आधी कायदा, मंग कारभार."

"सर, सरकारचा कायदा आहे की."

"तो सरकारचा. आपला कुठं हाय? इंग्रज गेले त्या दिवशी देशाकडं घटना न्हवती. मान्सं बसली, एकेका वाक्यावरून भांडली, मंग देश उभा राह्यला. आन् तुमाला एका चहात पळसवाडी चालवायची हाय व्हय?"

मी म्हणाले, लोकांना कामं हवीत. तर म्हणे, "आपण निजामाच्या राज्यातले. आपल्याला स्वातंत्र्यच उशिरा भेटलं. उशिरा आलेल्यानं घाई करू ने." तो अख्खा उन्हाळा मारुतीच्या पारावर पळसवाडीची घटना तयार होत होती. बोलणाऱ्याला मध्येच कोणी तोडायचं नाही. विरोधकानं आधी बोलायचं. नियम बदलायचा तर एका सभेत मांडायचा आणि पुढच्या सभेत मंजूर करायचा, त्याच दिवशी नाही. आणि सरांचा सगळ्यात लाडका नियम असा, की ज्याचा विषय निघेल त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी सभेबाहेर जाऊन बसायचं. मोठ्या गावात ज्याच्या दारापर्यंत रस्ता व्हायचा तोच सभेला चहा पाजायचा, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून हा नियम लोकांनाही पटला.

मग रस्त्याचा विषय आला. पावसाळ्यात ओढा भरला की ॲम्ब्युलन्स पलीकडेच थांबायची. माझ्या नणंदेला बाळंतकळा सुरू झाल्या तेव्हा तिला बाजेवर घालून, छातीभर पाण्यातून चार माणसांनी नेलं होतं. बाई वाचली, लेकरू वाचलं नाही. डोंगरकड्याच्या बाजूने ओढा टाळून रस्ता काढता येत होता. मी सरपंच झाले ती त्या एका रस्त्यासाठी, असं म्हटलं तरी चालेल. मोजणी झाली आणि रस्ता नेमका सरांच्या हळदीच्या शेताच्या मधोमध आला.

सरांनी सभेच्या आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "सभा म्हणंल ते मला मान्य." मला हायसं वाटलं. सर बाहेर बसणार म्हणजे विरोधात बोलणारंही कोणी उरणार नाही, आणि सभा एकदाची लवकर आटोपेल!

सभेत विषय वाचून झाला. सर नियमाप्रमाणे उठले आणि बायकोला म्हणाले, "चला, बाहेर." गयाबाई काकू, सरांची बायको, जागची हलली नाही. इतक्या वर्षांत त्या बाईचा आवाज मी ओट्याबाहेर ऐकला नव्हता.

"मी काहून जाऊ?" काकू म्हणाल्या. "शेत माझ्या बापानं मला देल्लं हाय. सातबारा माझ्या नावावर हाय. सही माझी लागंल. आन् मलाच बाहेर बसवता?"

शेत सरांचं नाही, हे आम्ही सगळे विसरलो होतो. सरसुद्धा.

"नियम हाय," सर म्हणाले.

"तुमचा हाय."

तेवढ्यात आमचे किराणावाले रशीदचाचा उठले. "मास्तर, आपनेच बोले थे ना, पैले मुखालिफ को बोलने देव. अब इनकाच खेत जा रा, तो इनसे बढ़के मुखालिफ कौन है?"

सर उभेच राहिले. विरोधकाचं ऐकायचं म्हणून आयुष्यभर घसा कोरडा केला, आणि ज्याचं जातंय त्यालाच गप्प बसवणारा नियम स्वतःच्या हाताने लिहिला. ते त्यांना तिथं, सगळ्यांसमोर कळलं. मला त्या क्षणी त्यांची कीव आली. ती फार टिकली नाही.

"चूक झाली," सर म्हणाले. "नियम बदलावा लागंल. आधी त्यानं बोलायचं, मंग बाहेर जायचं. पण नियम त्याच दिवशी बदलता येत न्हाई. पुढच्या सभेत."

मी कपाळाला हात लावला. "सर, काकूंना दोन वाक्यं बोलू द्या आणि विषय संपवा!"

"आपल्याला पायजे तवा नियम वाकवला तं तो नियम कशाचा?"

सभा उठली. कामाला आलेलं जेसीबी माघारी गेलं. स्वतःच्या बायकोला बोलू द्यायला या माणसाने दुसरी सभा भरवली! त्या रात्री मी सरांना मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

दुसऱ्या सभेत आधी नियम बदलला. पळसवाडीची ही पहिली घटनादुरुस्ती. मग काकू उभ्या राहिल्या. लांबलचक काही बोलल्या नाहीत. "ही काळी जमीन हाय, अशी दुसरी वाडीत न्हाई. लेकरावानी जपली. रस्ता बांधाच्या कडंनं वळवा, थोडा लांब पडंल. माझं शेत दोन तुकडे करू नका. एवढंच." असं म्हणून त्या बाहेर गेल्या आणि पारावर, आधीच जाऊन बसलेल्या सरांपासून लांब बसल्या.

कडेने वळवला तर उतारावर दरवर्षी रस्ता वाहून जाईल, हे मोजणीला आलेल्या इंजिनिअरने सांगितलेलंच होतं. तरी या वेळी सभा पटकन "मंजूर" म्हणाली नाही. लोक भांडले. कितीतरी हात काकूंच्या बाजूने वर झाले. पण जास्त हात रस्त्याच्या बाजूने होते, आणि त्यांत माझाही होता.

बाहेर जाऊन निकाल सांगायला मला लाज वाटत होती. काकूंनी ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हरले म्हणायचं. आणा कागद."

सही झाल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. "काकू, सही केली नसती तरी कोणी काही करू शकलं नसतं."

"ठाव हाय की," काकू म्हणाल्या. "पण मंग उद्या माझ्यापरीस मोठा शेतवाला हरला, तं त्यो काहून सही करंल?"

सर ऐकत होते. त्यांनी नेहमीप्रमाणे चष्मा पुसला. काकू पुढे आणि सर मागे, असे ते घरी गेले.

गेल्या पावसाळ्यात सर वारले. ओढा भरलेला होता, तरी कुरुंद्याहून त्यांचे जुने विद्यार्थी त्याच रस्त्याने वेळेत आले. आता आमच्या ग्रामसभा लवकर संपतात. विषय वाचला की "मंजूर" म्हणतात आणि उठतात. सर जिवंत असताना मला हेच हवं होतं. आता नको वाटतं.