चाकांवरची लिफ्ट

लिफ्ट म्हटलं की लोकांना बिल्डिंगमधली आठवते. मी म्हणतेय ती गाडी उचलायची. डोंबिवलीतल्या आमच्या बुटक्या गॅरेजसाठी, नव्वदीच्या मध्यावर कधीतरी, ती आम्ही फिरफिरून निवडली. मुलं म्हणतात, आई, किती वर्षं तेच तेच, सोड की आता. सोडते हो. एकदा नीट सांगून होऊ दे, मग सोडते.

गॅरेज माझ्या माहेरच्या घराखाली होतं. वडिलांनी घर बांधताना खाली गाडीसाठी जागा ठेवलेली, आणि गाडी काही त्यांनी जन्मात घेतली नाही. माझं लग्न झालं एका मेकॅनिकशी. हे तेव्हा ठाण्याला दुसऱ्याच्या गॅरेजात राबायचे. वडीलच म्हणाले, जागा नुसती पडलीय, जावयाने स्वतःचं सुरू करावं. केलं. आम्ही राहायचो भाड्याच्या चाळीत, चार गल्ल्या सोडून, पण दिवसभर आमचा संसार त्या गॅरेजातच असायचा. डबा घेऊन मी जायची आणि संध्याकाळी यांच्याबरोबरच परतायची. पाने कुठले, गाडीखाली टेकूची घोडी कशी लावायची, गिऱ्हाइकाला कुठे गप्प करायचं, सगळं मला येत होतं.

आता ते बुटकं का झालं ते सांगते. आमच्याकडे रस्ता खणून कोणी करत नाही, डांबरावर डांबर ओततात. रस्ता वर वर गेला आणि आम्ही खड्ड्यात. पावसाचं पाणी थेट गॅरेजात. वडिलांनी दोनदा भरणी घालून फरशी उचलली. फरशी वर आली, स्लॅब थोडाच वर जाणार? टाचा उंचावून हात वर केला की यांची बोटं बीमला टेकायची. गाडीखाली उभं राहून काम करायला पूर्वी एक खड्डा होता, तोही भरणीत बुजला. मग हे जमिनीवर पोतं अंथरून, गाडी जॅकवर चढवून, खाली उताणे सरकायचे. पंधरा-सोळा वर्षं तसंच.

वडील गेले तेव्हा मी भावाच्या नावे हक्कसोडपत्रावर सही केली. जबरदस्ती कोणी केली नाही. आमच्यात मुली करतातच. घरात हिस्सा मागितला की माहेर तुटतं, असं आई लहानपणापासून सांगत आलेली. सही झाली आणि कचेरीच्या पायरीवरच दादा म्हणाला, खालचं गॅरेज तुमचंच, मी आहे तोवर तुम्हाला कोण उठवतो बघतो. लिहून घे म्हणून कोणी म्हटलं असतं तर मीच त्याच्या अंगावर धावून गेले असते. भावाकडून कोण लिहून घेतं?

मग यांची पाठ गेली. एके दिवशी गाडीखालून बाहेरच येता येईना. पाय धरून ओढून काढलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणक्यातली गादी सरकलीय, आता जमिनीवर झोपून काम नाही, वाकून नाही, पिळवटून नाही. ताठ बसून जे होईल तेवढंच करा, नाहीतर कायमचे खाटेला लागाल. मेकॅनिकला हे सांगणं म्हणजे धंदा बंद कर म्हणणंच झालं. हे घरी येऊन भिंतीकडे बघत बसले. मी म्हटलं, भिंतीत काय लिहिलंय? गाडीखाली आपण जायचं नाही ना, मग गाडीलाच वर आणू. लिफ्ट घेऊ.

शीळफाट्याला एका मोठ्या गॅरेजात दोन खांबांची लिफ्ट होती, ती आधी बघितली. गाडी अशी डोक्यावर गेली की मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. यांनी मालकाला आमच्या छताची उंची सांगितली. तो हसला, म्हणाला आधी स्लॅब फोडा. ठाण्याला चार खांबांची एक होती, ती आमच्या दोन पिलरच्या मधे मावेना. मी पिशवीत शिवणकामाची टेप घेऊन फिरायची. एक मालक म्हणाला, बाई ब्लाऊज शिवायला आल्यात का. मी म्हटलं, तुमच्या मापाचा नाही मिळणार. हे बिचारे लाजेने बाहेर जाऊन उभे राहिले.

शेवटी विठ्ठलवाडीला एक कारागीर सापडला. तो स्वतःच बनवायचा. अडकित्त्यासारख्या उघडणाऱ्या पायांची लिफ्ट, खांब नाहीत, काही नाही. गाडी कमरेएवढी वर जाईल एवढीच. आमच्या बीमखाली त्याहून जास्त जाणारही नव्हती. त्याच्याकडे दोन तऱ्हा होत्या. एक फरशीत रोवायची. तिचे दोन पाय दोन बाजूंना, जमिनीत खाच करून बोल्टाने आवळायचे, मधली जागा सगळी मोकळी. दुसरीला खाली चाकं, ढकलत कुठेही न्या, पण तिचा सांगाडा बरोबर गाडीच्या पोटाखाली, मधोमध.

यांनी तिथे एक बुटकं स्टूल मागून घेतलं आणि रोवलेल्या लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली जाऊन बसले. ताठ. हात वर केले, गिअरबॉक्सला लागले. मग चाकांच्या लिफ्टपाशी बसून बघितलं. मधे सांगाडा, त्यामुळे बाजूने अंग पिळून हात घालावा लागला. लगेच कळवळले. निवड करायला काही उरलंच नव्हतं. परत येताना हे किती महिन्यांनी गुणगुणत होते, मला वाटलं आता निभावलं.

रात्रीच्या जेवणाआधी गॅरेजच्या वर दादाकडे गेलो, त्याला सांगायला. घर त्याचं, फरशी फोडायची तर विचारायला नको? गणपतींचं नुकतंच विसर्जन झालेलं. दादाने सगळं ऐकून घेतलं. रोवायचं म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "बाबांनी स्वतः उभं राहून घातलेली फरशी आहे ती. तिच्यावर पहार चालवलेली मला बघवणार नाही." आणि मग यांना म्हणाला, ती चाकांची घ्या ना, तीही लिफ्टच आहे.

बाबांचं नाव निघालं आणि मी विरघळले. मलाही रडू आलं. जिना उतरताना हे एवढंच म्हणाले की चाकांची घेतली तर पाठीला त्रास होईल, पण त्यांच्या घरात बसून त्यांच्या फरशीवरून वाद कशाला. मी उलट यांनाच समजावलं, दादाचा जीव बघा किती आहे बाबांमध्ये. चाळीत शेजारणींनाही कौतुकाने सांगितलं. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं म्हणे. मी म्हणे.

माझी भिशी त्याच महिन्यात लागली होती, थोडं पतपेढीतून उचललं, आणि चाकांची लिफ्ट आली. खंडेनवमीला पाने, जॅक, लिफ्ट, सगळ्यांची पूजा केली. नारळ दादानेच फोडला. झेंडूची माळ त्याने स्वतः लिफ्टला बांधली आणि यांना म्हणाला, आता पाठीची काळजी मिटली. हे बाजूने वाकून काम करायला लागले. दुखायचं, पण जमिनीवर झोपण्यापेक्षा बरं, असं म्हणायचे. गिऱ्हाइकं परत यायला लागली.

कोजागिरी झाली आणि दोन माणसं टेप घेऊन दारात आली. मला वाटलं महापालिकेची, रस्ता आणखी वर करायचा असेल. एकाने शटरची रुंदी मोजली, दुसऱ्याने आत येऊन भिंतीवर खडूने खुणा केल्या. मी विचारलं, काय चाललंय? तो अगदी अदबीने म्हणाला की इथे मिठाईचं दुकान होतंय, काउंटर कुठे बसेल ते बघतोय, गणपतीच्या आधीच बोलणी पक्की झालीत, दिवाळीला ताबा हवा होता. मी म्हटलं, पत्ता चुकलाय तुमचा. तो हसून लिफ्टकडे बोट दाखवत म्हणाला, "तुमचं ते मशीन तेवढं हलवा. वरचे शेठ म्हणाले, चाकं आहेत त्याला, एका दुपारचं काम आहे."

मी खाली बसले. तिथेच, तेलकट फरशीवर. बाबांच्या फरशीवर.

बोलणी गणपतीच्या आधी झाली होती. आम्ही दादाला विचारायला गेलो ते गणपतीनंतर. म्हणजे तो चेहरा उतरला तेव्हा त्याला माहीत होतं, बाबांचं नाव काढलं तेव्हा माहीत होतं, नारळ फोडला तेव्हाही माहीत होतं. आम्ही लिफ्ट निवडत होतो पाठीच्या हिशोबाने, आणि तो निवडत होता आम्हाला बाहेर काढायच्या हिशोबाने. परक्याने गळा कापला तर माणूस निदान ओरडतो. हा केसाने कापला, तोही माझ्याकडून त्याचं कौतुक करवून घेत.

वर गेले तर दादा घरी नव्हता. वहिनी मान खाली घालून वाटाणे सोलत होती. म्हणाली, मला वाटलं तुम्हाला बोललेत. दादा पुढे आठवडाभर घरी सापडलाच नाही. भांडायला हे तयार नव्हते. कागदावर आपलं काय आहे, विचारायचे. काही नव्हतं. सही माझीच.

लिफ्ट आम्ही ढकलत बाहेर काढली. चाकं होतीच. पण दोन भरण्यांनंतरही रस्ता वर होता ना गॅरेजपेक्षा. तो चढ चढवताना दोन ओळखीचे पुढून ओढत होते आणि हे मागून रेटत होते. मी ओरडतेय, तुम्ही हात लावू नका, तर म्हणाले, माझं मशीन आहे. उंबऱ्याच्या चढावर चाक अडलं, यांनी खांदा दिला, आणि तिथेच बसले ते बसलेच. रिक्षातून घरी आणले. त्यानंतर हे कधीच गाडीखाली गेले नाहीत. पुढे कल्याणला एका स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभे राहायची नोकरी केली, पट्टा बांधून. लिफ्ट चाळीच्या मागे प्लॅस्टिकखाली गंजली.

भाऊबीज आली तेव्हा हे आतल्या खोलीत, पाठ ताठ राहावी म्हणून टाकलेल्या फळीवर पडून होते. मी ठरवलं होतं, जायचं नाही, बोलवायचं नाही. तर संध्याकाळी हा स्वतः दारात. नवा शर्ट, हातात साडीची पिशवी, मिठाईचा पुडा. आला तो थेट यांच्या उशाशी जाऊन बसला, तेल कुठलं लावता विचारलं, कल्याणच्या कुठल्या वैद्याचं नाव सांगितलं. यांनीच मला हाक मारली, अगं पाट मांड, सणाला दारी आलेल्या माणसाला असं करू नये. यांच्या शब्दाखातर मांडला. तबक केलं, निरांजन लावलं. दादा डोक्यावर रुमाल घेऊन पाटावर बसला.

मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "दादा, तुला आधीपासून माहीत होतं ना?"

मला वाटलं नाही म्हणेल. खोटं तरी बोलेल. मी त्याची वाट बघत होते, खरंच सांगते, तो खोटं बोलला असता तर मी ओवाळलं असतं.

"म्हणून तर चाकांची घ्यायला लावली," तो म्हणाला. "रोवली असतीस तर उखडताना तुझंच नुकसान झालं असतं. मी तुझाच विचार केला गं."

आणि त्याचे डोळे भरून आले. ढोंग नव्हतं ते. मी त्याला लहानपणापासून ओळखते, ढोंग असतं तर कळलं असतं. आपण बहिणीवर उपकार केलेत असं त्याला मनापासून वाटत होतं. आतून फळी करकरली. हे कूस बदलायचा प्रयत्न करत होते.

ज्यांना भाऊ नसतो त्या बायका भाऊबिजेला चंद्राला ओवाळतात. मी तबक उचललं आणि चाळीच्या अंगणात गेले. चंद्र कोरीएवढा, समोरच्या टाकीच्या बाजूला, आता जाईल मग जाईल असा. मी त्याला ओवाळलं, अक्षता टाकल्या.

दारातून आत दिसत होतं. दादा रुमाल डोक्यावर धरून तसाच पाटावर बसला होता. आमच्या आईची रीत, आधी चंद्र आणि मग भाऊ. त्याला वाटलं, आता त्याची पाळी. मी तबक कट्ट्यावर ठेवलं आणि निरांजनातलं तूप संपेपर्यंत बाहेरच बसून राहिले.