मधला कशाला पायजे?

कुठल्याही यंत्राशेजारी उभे राहिले की थोरले मालक आधी त्याच्या गिअरबॉक्सला चपलेच्या टोकानं ढोसत. "ह्यो मधला कशाला पायजे? मोटार हाय, ड्रम हाय. थेट बोलू द्या की त्यास्नी!"

सांगलीच्या हळदपेठेमागं त्यांचा आणि धाकट्या भावाचा कारखाना होता. हळद घोळवून पॉलिश करायचे लोखंडी ड्रम तिथं बनत. मोटार फिरते वेगात, ड्रम फिरायला हवा सावकाश, म्हणून दोघांच्या मध्ये गिअरबॉक्स. ऐन हंगामात त्याचे दात तुटत, तेल गळे, आणि व्यापारी दारात येऊन शंख करत. त्यामुळे मधल्या सगळ्यांवरच मालकांचा राग. चहासुद्धा ते बशीत ओतत नसत. "बशी मधलीच की," म्हणत आणि तोंड भाजून घेत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. थेटपणाचा एवढा भोक्ता माणूस सख्ख्या भावाशी मात्र माझ्यामार्फत बोलायचा! तीन वर्षांचा अबोला, तोही नट-बोल्ट आवळायच्या एका पान्यावरून. धाकट्यांनी तो कुणाला तरी उसना दिला आणि तो परत आला नाही, एवढंच. मी तिथं ड्रॉइंग काढायला होतो. माझं टेबल दोघांच्या बरोब्बर मध्ये.

"त्याला सांग, चहा आलाय."

"त्याला सांग, डोळं हायत मला."

मी निरोप घासूनपुसून पुढं देई. 'त्या गाढवाला' आलं की 'मालकांना' करी. पगार ड्रॉइंगचा, काम गिअरबॉक्सचं.

एकदा पुण्याच्या प्रदर्शनात थोरल्यांनी एक मोटार पाहिली. फिरायची सावकाश, पण ताकद दांडगी. गिअरबॉक्स लागतच नव्हता. परत आले ते झपाटूनच. बैलगाडीच्या चाकाएवढी मोटार त्यांनी स्वतः तारा गुंडाळून बनवली. ती थेट ड्रमच्या दांड्यावर बसवायची होती.

धाकट्यांनी निरोप दिला, "त्याला सांग, ही चालली न्हाई तर मी येगळा होनार."

हा निरोप काही घासूनपुसून देण्यासारखा नव्हता. मी जसाच्या तसा सांगितला. त्या दिवशी थोरल्यांचा चहा पहिल्यांदाच कपात गार झाला.

नेमकं तेव्हाच मला मेहुणीच्या साखरपुड्याला लोणंदला जावं लागलं. परतलो तो स्टेशनावरून पिशवीसकट कारखान्यात. व्यापारी जमले होते. ड्रममध्ये हळद भरली होती, मोटारीला झेंडूचा हार होता. थोरल्यांनी खटका दाबला.

ड्रम जागचा हलला नाही. मोटारच मोठ्या रुबाबात गोल फिरू लागली, हारासकट! तिला पायाशी धरून ठेवणारे बोल्ट कुणी आवळलेच नव्हते. वायर ताणली गेली.

"दादा, बंद कर! बंद कर!" धाकटे ओरडले.

थोरल्यांनी खटका पाडला आणि धाकट्यांकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "बोल्ट तू आवळनार हुतास न्हवं?"

"मला कुनी सांगितलं? मला वाटलं, तूच आवळलंस!"

"आरं, सांगायला ह्यो कुठं हुता?"

दोघंही माझ्याकडं वळले. "कुठं हुतास रं तू?"

इतक्या आनंदानं मी बोलणी कधीच खाल्ली नाहीत.

मग एकमेकांना शिव्या घालत, एकाच पान्यानं, दोघांनी बोल्ट आवळले. ड्रम फिरला. हळदीची खळखळ तेवढी ऐकू येत होती. व्यापारी खूश झाले. वेगळं होण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी माझं टेबल खिडकीशी सरकवलं. "मधी कशाला बसतूस? वारं खा की जरा."

मी पुढं नोकरी बदलली. थोरले गेल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो. धाकटे कारखान्यातच होते. चहा आला. त्यांनी बशी बाजूला सारली आणि कपच तोंडाला लावला. मागं ड्रम फिरत होता.

मग माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "त्याला सांग, मोटार अजून चालतीया."

जुन्या सवयीनं मी थोरल्यांच्या खुर्चीकडं वळलो, आणि माझ्याच्यानं काही सांगवेना.