जावई आणि गवत कापायचं मशीन

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जुनी माणसं म्हणतात. माझा जावई तसा निघाला असता तर मला सोपं गेलं असतं. मनसोक्त नावं ठेवली असती. पण तो चांगला निघाला, आणि तिथंच माझं पोट दुखायला लागलं.

मुलगी एकुलती एक. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि पाठोपाठ अधिक श्रावण आला. पहिला धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला वाण द्यायचं, ओवाळायचं, अनारशांनी ताट भरायचं. गारखेड्यातल्या आमच्या घरात आठवडाभर अनारशांचं पीठ मुरत होतं आणि त्याच्यासोबत मीही. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं खास माझ्यासाठी अनारसे तळल्याचं मला काही आठवत नाही.

खरं दुखणं अनारशांचं नव्हतं. मुलगी लहान होती तेव्हापासून मी घरात काहीही उघडलं, पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, की ती शेजारी उकिडवी बसायची. मी हात पुढे केला की न मागता योग्य पाना हातावर यायचा. बी. ई. झाली, नोकरीला लागली, तरी तिची ती जागा सुटली नाही. लग्नानंतर ती दोनदा घरी आली आणि दोन्ही वेळा नवऱ्याच्या खुर्चीच्या हातावर बसली. मी ते बघितलं. आता माझ्या शेजारी ती पुन्हा बसते की नाही, एवढंच मला बघायचं होतं. त्यासाठी काहीतरी बिघडायला हवं होतं.

ते आपोआप बिघडलं. आमच्या घरापुढं बेताची हिरवळ आहे. या शहरात नळाला पाणी कधी येईल ते नळालाही ठाऊक नसतं. त्यामुळं दसऱ्यानंतर आम्ही हिरवळ वाळू देतो आणि गवत कापायचं पेट्रोलचं मशीन जिन्याखाली पोत्यात गुंडाळून ठेवतो. पावसानं गवत घोट्याच्या वर आलं, तेव्हा धोंड्याच्या सकाळी मी मशीन बाहेर काढलं. जावई यायच्या आत हिरवळ चकाचक करायची, असा बेत होता.

दोरी ओढून ओढून खांदा निघायची वेळ आली. मागल्या वर्षीच्या पेट्रोलला शिळ्या रंगासारखा वास यायला लागला होता. ते ओतून नवं भरलं, काळा पडलेला प्लग पॉलिश पेपरनं घासला. मशीन फुरफुरलं, सुरू झालं, हिरवळीची एक पट्टी कापली आणि गुदमरून बंद पडलं. टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघितलं. भरपूर होतं. झाकण लावून दोरी ओढली, तर पुन्हा सुरू. पुन्हा एक पट्टी, पुन्हा बंद.

तेवढ्यात दोघं आली. मुलीनं चपला काढता काढताच विचारलं, "बाबा, काय झालं?" आणि पिशवी आईकडे देऊन माझ्याशेजारी येऊन बसली. नव्या साडीत, उकिडवी. मी इतका सुखावलो की मशीन दिवसभर चालू झालं नसतं तरी चाललं असतं.

पण तो पण आला. शेंद्र्याच्या कंपनीत इंजिनिअर आहे, घर अजिंठ्याकडं, शेतीवाल्यांचं. पँटच्या घड्या सांभाळत समोर उभा राहिला.

"मामा, मी बघू का जरा?"

"नाय नाय, पाव्हणं, तुम्ही बसा. मी करतो ना."

आतून बायको ओरडली, "अवं, आजच्या दिवशी जावयाचे हात काळे करता व्हय? काही लाज?"

आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं ओरडणं मला गोड लागलं. तो गुमान खुर्चीवर बसला.

मी कार्बोरेटर उघडला. मुलगी एकेक पाना देत होती. वाटीच्या तळाशी चिकट पिवळा थर होता. तो मी मोठ्यानं सगळ्यांना दाखवला. "हे बघा. इथं आहे दुखणं." बारीक तारेनं भोक साफ केलं, जोडलं, दोरी ओढली. सुरू. मी जावयाकडं बघितलं. एक पट्टी झाली आणि मशीन घर्रर्र करून गप्प बसलं.

मी टाकीचं झाकण फिरवलं.

"मामा," तो खुर्चीतून म्हणाला, "झाकण उघडताना फुस्स आवाज येतोय बघा. म्हणजे टाकीत हवा..."

"गरम झालंय ते," मी म्हणालो. "माझ्या हातचं मशीन आहे, पाव्हणं."

मुलीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं. आणि त्यानं मान किंचित हलवली. एवढंच, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नजरेनं बोलायचं आमचं होतं. पाना आमचा, दुरुस्ती आमची, आणि हा कालचा आलेला माणूस माझ्या पोरीशी माझ्या अंगणात न बोलता बोलत होता.

मी ताडकन उठलो आणि हात धुवायला न्हाणीघरात गेलो. साबण संपेपर्यंत हात धुतले.

परत आलो तर दोघं होती तिथंच होती, तो खुर्चीवर आणि ती मशीनपाशी. मी दोरी ओढली. मशीन पहिल्या हिसक्याला सुरू झालं. एक पट्टी, दोन पट्ट्या, मग अख्खी हिरवळ. मुलीनं टाळ्या वाजवल्या. जावई म्हणाला, "लई भारी, मामा." ताटावर बसल्यावर मी कार्बोरेटरबद्दल इतकं बोललो की बायकोनं विचारलं, "अनारसे खाता की तेच खाता?" जावयापेक्षा दोन अनारसे मी जास्तच खाल्ले.

संध्याकाळी मशीन जिन्याखाली नेताना टाकीच्या झाकणाकडं लक्ष गेलं. ते लख्ख होतं. मधोमध सुईएवढं एक छिद्र दिसत होतं. मला ते तिथं आहे हेच कधी माहीत नव्हतं. दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो. दरवर्षी ही पूजा मुलगी करायची. गेल्या दसऱ्याला ती कामानिमित्त पुण्याला होती, म्हणून मी केली. माणसाच्या कपाळाला लावतात तसं, मशीनचा सगळ्यात वरचा भाग म्हणून त्या झाकणालाच ओलं हळदीकुंकू अक्षतांसकट थापलं होतं. ते सुकून टणक झालं होतं आणि छिद्र बुजलं होतं. टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. मी झाकण उघडायचो तेवढ्यापुरती हवा आत शिरायची. म्हणजे फुस्स आवाजाचं त्याचं बोलणं बरोबर होतं.

मुलगी पाठीमागं उभी होती. मी विचारलं, "तू साफ केलंस?"

"हो. पदराच्या पिनेनं."

"मग मला का नाही सांगितलं?"

ती जरा घुटमळली. "हे म्हणाले, मामांना कळू देऊ नको. त्यांना वाटू दे त्यांनीच केलं."

त्यानं माझी चारचौघांत फजिती केली असती तर मी त्याला आयुष्यभर सुखानं शिव्या घातल्या असत्या. त्यानं तेवढंही माझ्यासाठी ठेवलं नाही. मी पोतं मशीनवर टाकलं आणि कडा दाबत राहिलो.

"आणि तू त्याचं ऐकलंस?"

"ऐकलं की," ती हसून म्हणाली, आणि बाहेर त्यानं गाडी सुरू केल्याचा आवाज ऐकताच माझ्या पाया पडून पळाली.