नाना उत्तरानंतर थांबायचे

नानांना प्रश्न विचारता येत आणि विचारून झाल्यावर गप्प बसता येत असे. दुसरी गोष्ट जास्त अवघड. समोरचा माणूस "छे हो, तसं काही नाही" म्हणाला, की आपण मान हलवून पुढच्या विषयाकडे वळतो. नाना चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत बसायचे. मधूनच समोरच्याकडे इतक्या मायेने बघायचे, की त्याला वाटू लागे, आपलं काहीतरी सांगायचं राहिलंय. बहुतेकदा राहिलेलंच असायचं.

गंगापूर रोडला एका पिठाच्या गिरणीवर त्यांची लहानशी खोली होती. विक्रीकराचे कागद भरून देणं हा त्यांचा धंदा. पण चालतं दुकान विकत घेणारे लोकही आधी त्यांच्याकडे येत. दुकानाच्या पोटात कुणाचं देणं दडलंय का, हे नाना शोधून देत. नव्वदीच्या सुरुवातीला बी.कॉम. होऊन मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले. खालचं पीठ उडून फायलींवर बसे. सकाळी त्या झटकणं हे माझं पहिलं काम, आणि "आज बाजरी दिसतेय" हे नानांचं पहिलं वाक्य.

एकदा मखमलाबादकडचा एक फुलं पिकवणारा शेतकरी त्र्यंबकेश्वरला पूजासाहित्याचं दुकान घ्यायला निघाला होता. विकणाऱ्याला घेऊनच आला. "नाना, मानूस लय सरळ हाये. उगा काय इचारत बसता?" अशी त्याची कुरकुर चाललेली. नानांनी कागद पाहिले आणि विकणाऱ्याला विचारलं, "दुकानावर कुणाचं काही देणं?"

"काहीच नाही."

नाना चष्मा पुसू लागले. विकणारा पाणी प्यायला, कॅलेंडरकडे बघून झालं, आणि मग खाली मान घालून म्हणाला, "म्हणजे... मेव्हण्यासाठी पतपेढीत दुकान तारण ठेवलंय. पण तो फेडतोय."

शेतकऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. नाना त्याला शांतपणे म्हणाले, "माणूस सरळच आहे. म्हणून तर सांगितलं त्यानं." ते दोघं गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, पहिलं उत्तर दारातल्या पाहुण्याला देतात. घरातलं उत्तर यायला वेळ लागतो. दम धरायचा." मी ते हसण्यावारी नेलं. तेव्हा मला टायपिंगची घाई असायची.

लग्नानंतर मी न्यूझीलंडला गेले. माझा नवरा सुहास आणि मी सहा वर्षं दुसऱ्यांच्या दुकानांत राबलो, आणि मग कोपऱ्यावरचं एक किराणा दुकान घ्यायचं ठरवलं. आमची सगळी बचत त्यात जाणार होती. शिवाय सासऱ्यांनी म्हातारपणासाठी ठेवलेला सिडकोतला प्लॉट विकून पैसे पाठवले होते. ते बुडाले असते तर त्यांना तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मी नानांना फोन केला.

"तिथला कायदा तिथला वकील बघेल," नाना म्हणाले. "तू पाववाल्याला बघ. आणि दुकानातली कोणती वस्तू दुकानाची नाही, ते विचार."

तीन दिवस सकाळी समोर गाडी लावून मी बसले. तिन्ही दिवस पाववाल्याने रोख पैसे हातात पडल्याशिवाय एकही क्रेट उतरवला नाही. चौथ्या दिवशी मी मालकाला विचारलं, फ्रीज तुमचेच ना? तो म्हणाला, अर्थात. मला चष्मा नव्हता, म्हणून मी गाडीच्या किल्ल्या पुसत बसले. फार अवघडल्यासारखं झालं. मग तो हळूच म्हणाला, फ्रीज हप्त्यावर आहेत, पावाच्या कंपनीचे तीन महिन्यांचे पैसे थकलेत, आणि नोकर मुलीच्या रजेचा पगार द्यायचाय. दुकान त्याच्या कंपनीच्या नावावर होतं आणि आम्ही ती अख्खी कंपनीच विकत घेणार होतो. म्हणजे हे सगळं आमच्या गळ्यात पडलं असतं.

ते दुकान सोडलं. पुढच्या वर्षी दुसरं पाहिलं, आणि त्याच्या प्रत्येक कागदासाठी मी नानांचं डोकं खाल्लं. त्यांचा आवाज दर फोनला बारीक होत होता. "घसा बसलाय गं," ते म्हणायचे, आणि मी पुढचा कागद वाचायला घ्यायची.

दुकान आमचं झालं त्या दिवशी मी गल्ल्याजवळूनच फोन लावला.

"पाववाला?" त्यांनी पहिलं तेच विचारलं.

"पाव ठेवतो, हात हलवतो आणि जातो."

नाना हसले. खोकले. मी विचारलं, "तुम्ही कसे आहात, नाना?"

"मजेत."

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. फोन चालू होता, त्यांचा श्वास ऐकू येत होता. समोर दोन गिऱ्हाइकं उभी होती, आमची पहिलीवहिली. "बरं, ठेवते हं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

अठराव्या दिवशी नाना गेले. फुफ्फुसाचा कॅन्सर होता, वर्षभर. त्यांच्या बायकोला, काकूंना, त्यांनी बजावलं होतं, "तिला कळवू नकोस. तिचं दुकान होऊ दे आधी." मी किती रडले ते सांगून उपयोग नाही. जगातल्या एका माणसाने मला थांबायला शिकवलं, आणि त्याच्याच उत्तरानंतर मी थांबले नाही. हे मला अजून पचलेलं नाही.

पुढच्या दिवाळीत नाशिकला आले तेव्हा काकूंकडे गेले. त्यांनी चहा केला, चिवडा पुढे ठेवला, माझ्या दुकानाची चौकशी केली. नानांचा चष्मा टीव्हीवर घडी घालून ठेवलेला होता.

"तुम्ही कशा आहात, काकू?" मी विचारलं.

"बरी आहे गं. मला काय झालंय?"

मी कप हातात धरून बसून राहिले. काकूंनी पदर सारखा केला, चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चहा गार झाला. मी बसूनच होते.

"खरं सांगू का?" काकू म्हणाल्या. "घर खायला उठतं गं."